एनजीएफची २० मायक्रोग्रॅमची वायल: घ्यावी का, कोणी घ्यावी आणि कशी वापरावी

पीसी१२ पेशी (रॅटच्या गाठीतली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत राहता येणाऱ्या पेशी) हाताशी असतील तर रीकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेल्या) बीटा-एनजीएफची, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या प्रथिनाची, छोटी वायल बिनधास्त घ्या. लॅबमध्ये फक्त एसएच-एसवाय५वाय (माणसाच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातली सेल लाइन) असतील तर हेच पैसे बीडीएनएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरवर खर्च करा. कॅटलॉगमध्ये दोन्ही ‘न्यूरोट्रॉफिन’ (चेतापेशी जगवणारी प्रथिनं) म्हणून शेजारीशेजारी बसतात आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या घाईत चुकीची वायल चुकीच्या पेशींवर पडते. ग्रोथ फॅक्टर चांगला की वाईट हे त्याच्या लेबलवर नाही, पेशीवर कोणता रिसेप्टर (त्याला ओळखून पकडणारं प्रथिन) आहे त्यावर ठरतं. पीसी१२ वर ट्रॅक-ए हा रिसेप्टर असतो, म्हणून त्या एनजीएफला ओळखतात; ट्रॅक-बी नसल्यामुळे बीडीएनएफ कितीही ओतलं तरी त्या ढिम्म. एसएच-एसवाय५वायवर ट्रॅक-ए इतका कमी की एनजीएफचा परिणाम जेमतेम दिसतो. त्यांना आधी १० मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड पाच दिवस द्यायचं, त्यानं ट्रॅक-बी वाढतो, आणि मग मीडियम या पोषक द्रवातलं सीरम (रक्ताचा द्रव भाग) काढून ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि बीडीएनएफ. रेटिनॉइक ॲसिड उजेडानं बिघडतं, तेव्हा ट्यूबला फॉइल गुंडाळा आणि लॅमिनार हूडचा (निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) दिवा मंद ठेवा.

बाजारात एनजीएफ मुख्यतः दोन रूपांत मिळतं. एक ‘२.५एस’, नर उंदराच्या लाळग्रंथीतून शुद्ध केलेलं. रिटा लेव्ही-मोंतालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळवून देणाऱ्या कामात हीच ग्रंथी एनजीएफची खाण ठरली होती. दुसरं रीकॉम्बिनंट, मानवी किंवा उंदराच्या जनुकाचं. पीसी१२ रॅट या मोठ्या उंदराच्या, पण मानवी एनजीएफही त्यांच्यावर नीट चालतं, त्यामुळे ‘रॅटचंच हवं’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. आमची पसंती रीकॉम्बिनंटला. ग्रंथीतून काढलेल्या मालात इतर प्रथिनांचा मागमूस राहू शकतो आणि लॉट बदलला की मात्रा पुन्हा तपासावी लागते. मात्र रीकॉम्बिनंट ई. कोलाय जिवाणूतलं असेल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या भिंतीतल्या एलपीएस या विषाचा) आकडा वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. पीसी१२ ला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, मायक्रोग्लियाला (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींना) असतं. बीव्ही-२ (मायक्रोग्लियाची सेल लाइन) किंवा मिश्र ग्लिया (चेतापेशींच्या आधारपेशी) कल्चरवर तेच वापरलंत तर ‘एनजीएफनं दाह वाढला’ असा निष्कर्ष निघेल आणि खरा गुन्हेगार एलपीएस असेल.

आता पेशींबद्दल, कारण वायलीच्या परीक्षणात अर्धे मार्क त्यांनाच आहेत. पीसी१२ म्हणजे रॅटच्या ॲड्रिनल ग्रंथीतल्या गाठीतून १९७६ मध्ये तयार झालेली सेल लाइन. मेंदूतली नाही. एसएच-एसवाय५वाय न्यूरोब्लास्टोमाची, मूळ नमुना अस्थिमज्जेतला. तीही मेंदूतली नाही. मेंदूतून आलेली स्वस्त आणि दणकट लाइन हवी असेल तर रॅट ग्लिओमाची सी६ आहे, पण ती ग्लियाची, आणि कर्करोगाची. तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात ‘मेंदूतील चेतापेशी’ लिहायचं असेल तर प्रायमरी कल्चरला (थेट प्राण्याच्या ऊतीतून काढलेल्या पेशींना) पर्याय नाही. सेल लाइनवर काम असेल तर तसं स्पष्ट लिहा, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. पुण्यात एक मोठी सोय आहे: राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि देशभरात सेल लाइन पुरवण्याचं काम तिथूनच चालतं. बाहेरगावच्यांना कुरिअरची धाकधूक असते, इथं फ्लास्क हाती घेऊन लॅब गाठता येते. फक्त मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. फ्लास्क मीडियमनं काठोकाठ भरलेला आला तर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये स्थिर ठेवा, मग जादा मीडियम काढा. ते फेकू नका: पीसी१२ सहज सुटून तरंगतात, सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बऱ्याच पेशी मिळतात. आल्या दिवशीच मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची) तपासणी लावा.

वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. २० मायक्रोग्रॅम भुकटी डोळ्यांना दिसत नाही, बऱ्याचदा ती झाकणालाच चिकटलेली असते. ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असलेला निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेट बफर) २०० मायक्रोलिटर घाला. झाला १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचा साठा. व्हॉर्टेक्स नको, दहा-पंधरा मिनिटं ठेवून हळू फिरवा. फिल्टरही करू नका, इतकं कमी प्रथिन फिल्टरच गिळतो. बीएसए टाळला तर तेच प्लॅस्टिकच्या भिंती गिळतात. लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला टाका. वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

हिशेब असा. पीसी१२ ला ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि पुरतं, म्हणजे साठ्याचं १:२००० विरलन: १० मिलि मीडियमला ५ मायक्रोलिटर. एका ९६-वेल प्लेटला, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर धरून, एका वेळी अर्धा मायक्रोग्रॅम लागतो. दर दोन दिवसांनी पूर्ण मीडियम बदललं तर सहा दिवसांच्या प्रयोगाला दीड मायक्रोग्रॅम. म्हणजे एका वायलीत बारा-तेरा प्लेटा होतात. १०० मायक्रोग्रॅमची वायल प्रति मायक्रोग्रॅम स्वस्त पडते हे खरं, पण एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला ती संपत नाही.

न्यूराइट (पेशीतून निघणारे धागे) फुटत नाहीत म्हणून एनजीएफला शिव्या देण्याआधी खाली पाहा. पीसी१२ साध्या प्लॅस्टिकला नीट चिकटत नाहीत. कोलॅजन-४ उत्तम, नसेल तर पॉली-लायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, एक तास, आणि मग निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुणं. हे धुणं अर्धवट राहिलं तर उरलेलं पॉली-लायसिन पेशी मारतं. पुढचा त्रास गुठळ्यांचा. पीसी१२ घोळक्यानं वाढतात आणि घोळक्यातले न्यूराइट मोजताच येत नाहीत, म्हणून २२ गेजच्या सुईतून चार-पाच वेळा हळू ओढून सोडा. ९६-वेलच्या एका वेलमध्ये पाचेक हजार पेशी बस्स. पहिला दिवस पूर्ण सीरममध्ये बसू द्या, मग सीरम १ टक्क्यावर आणून एनजीएफ सुरू करा. दोन-तीन दिवसांत टोकं फुटतात, सहा-सात दिवसांत जाळं होतं. पेशीच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब तोच न्यूराइट, असा नियम आधीच ठरवा, आणि मोजणाऱ्याला कोणता वेल कुठला ते सांगू नका. पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) फार पुढे गेलेल्या पेशी नुसत्याच वाढत राहतात. तेव्हा नवी वायल नाही, कमी पॅसेजचा गोठवलेला साठा काढा.

ताणाच्या प्रयोगात मात्र या वायलीचा कस लागतो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड १०० ते ५०० मायक्रोमोलर ही नेहमीची मर्यादा. पण मीडियममध्ये सोडियम पायरुव्हेट असेल तर ते पेरॉक्साइडला तिथल्या तिथे निकामी करतं. एका लॅबला २०० ला पेशी मेलेल्या दिसतात, दुसरीला ५०० लाही जिवंत, यामागे पुष्कळदा डीएमईएम या मीडियमची वेगळी बाटली असते. बी-२७ या मीडियममध्ये घालायच्या पूरक मिश्रणाचंही तेच. नेहमीच्या बी-२७ मध्ये कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, व्हिटॅमिन ई सगळं असतं. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायचा तर ‘मायनस अँटिऑक्सिडंट’ प्रकार मागवा. ३० टक्के पेरॉक्साइड साधारण ९.८ मोलर असतं, पण महिनाभर उघडझाप झालेल्या बाटलीत तेवढं उरलेलं नसतं. विरलन ताजं करा.

एनजीएफ पेरॉक्साइडसोबतच टाकून ‘संरक्षण नाही’ म्हणणं हाही अन्याय. ट्रॅक-ए जागा झाला की ईआरके या संदेशवाहक प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन (त्याला फॉस्फेट जोडलं जाणं) ५-१० मिनिटांत दिसतं, पण पेशीनं बचावाची प्रथिनं तयार करायला तास लागतात. आदल्या दिवशी द्या. आणि सर्वांत फसवा कंट्रोल: आठवडाभर एनजीएफवर वाढलेल्या पीसी१२ त्याच्यावर अवलंबून झालेल्या असतात. त्यांचं एनजीएफ सीरमविना काढून घेतलं तर त्या मरतात. तुमचा ‘उपचाराविना’ गट म्हणजे दुसरी इजाच असते.

पुण्यात ब्राह्मी-अश्वगंधेच्या अर्कावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. एनजीएफ इथं पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लागतंच, पण जिवंत पेशींची मोजणी एमटीटी या रंग बदलणाऱ्या द्रव्यानं होते, आणि अनेक वनस्पतिजन्य अर्क पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा रंग उमटवतात. पेशीविरहित वेलमध्ये अर्क घालून वाचन घ्या, किंवा एमटीटी घालण्याआधी वेल धुवा. एलडीएचवर (मेलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) जायचं तर सीरममध्येही एलडीएच असतं, त्याचं ब्लँक वेगळं लागतं.

इजेचा प्रयोग, म्हणजे पिपेटच्या टोकानं ओरखडा काढून तो भरताना पाहणं, यासाठी ही वायल घेऊ नका. तो ॲस्ट्रोसाइट (ग्लियाचा एक प्रकार) किंवा सी६ चा प्रांत. सी६ इतक्या भराभर वाढतात की खाच सरकून भरली की विभाजनानं, ते मायटोमायसिन-सी (विभाजन थांबवणारं द्रव्य) किंवा खूप कमी सीरम वापरल्याशिवाय सांगता येत नाही. प्लेटच्या तळाला मार्करनं खूण करा, तीच जागा ०, ६, १२, २४ तासांना टिपा. प्रायमरी ॲस्ट्रोसाइट असतील तर खाचेच्या काठावर जीएफएपी (ॲस्ट्रोसाइटची ओळख पटवणारं प्रथिन) वाढलेलं दिसतं. खऱ्या जखमेच्या व्रणाशी थोडंतरी नातं सांगणारी तेवढीच गोष्ट या मॉडेलमध्ये आहे.

बीएफजीएफ (आणखी एक ग्रोथ फॅक्टर) मागवणाऱ्यांनी इतकंच लक्षात ठेवावं की ते ३७ अंशांना लवकर निकामी होतं. न्यूरोस्फिअरला (चेता-मूळपेशींच्या तरंगत्या गोळ्यांना) २० नॅनोग्रॅम प्रति मिलि रोज किंवा दिवसाआड, सोबत हेपारिन.

पार्सल शनिवारी दुपारी सुरक्षारक्षकाच्या टेबलावर येऊन सोमवारी तुमच्या हाती पडलं तर कोरड्या वायलीची चिंता नको, गोठवून सुकवलेलं प्रथिन तेवढं सोसतं. त्याच खोक्यातलं बी-२७ वितळून कोमट झालं असेल तर ते मात्र परत पाठवा. नव्या वायलीची खात्री करायला एक दोन दिवसांचा प्रयोग पुरतो: पीसी१२ तीन गटांत सीरमविना ठेवा, एकाला काही नाही, एकाला १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि एनजीएफ, एकाला एनजीएफसोबत २०० नॅनोमोलर के२५२ए (ट्रॅक-ए अडवणारं द्रव्य). मधला गटच जिवंत राहिला तर वायल चांगली. तिन्ही गट ठणठणीत असतील तर सीरम धुऊन निघालेलं नाही. पुन्हा दोनदा धुवा आणि लावा.