पोस्टग्रेसची ‘ऑल्टर कन्व्हर्जन’ कमांड : काम मोजके, परिणाम मोठा

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये मजकूर एका एन्कोडिंगमधून (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीतून) दुसऱ्यात नेण्याचे काम ‘कन्व्हर्जन’ करते आणि ‘ऑल्टर कन्व्हर्जन’ ही कमांड कन्व्हर्जनची व्याख्या बदलते, असे तिच्या अधिकृत माहितीपानावर म्हटले आहे. प्रत्यक्षात तिच्याने बदलते ते फक्त नाव, मालक किंवा स्कीमा (डेटाबेसमधला ज्यात ते ठेवलेले असते तो कप्पा). कोणत्या बाइटचे कोणते अक्षर व्हावे हे ठरवणाऱ्या फंक्शनला ती हात लावत नाही. ते बदलायचे तर कन्व्हर्जन काढून टाकून (ड्रॉप करून) नव्याने तयार करावे लागते. ही मर्यादा मला योग्यच वाटते, कारण चुकीचे रूपांतर मजकूर कायमचा बिघडवू शकते.

तिन्हींत खरे वजन स्कीमा बदलण्याला आहे. एकाच एन्कोडिंग-जोडीसाठी वेगवेगळ्या स्कीमांत स्वतंत्र डीफॉल्ट (आपोआप वापरले जाणारे) कन्व्हर्जन असू शकते आणि सर्व्हर सर्च-पाथमध्ये, म्हणजे स्कीमा ज्या क्रमाने शोधायच्या त्या यादीत, जे आधी सापडेल तेच वापरतो. सर्च-पाथमध्ये ‘पीजी_कॅटलॉग’चा (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या अंगभूत स्कीमाचा) स्पष्ट उल्लेख नसेल तर तो आपोआप सर्वांत पुढे धरला जातो, त्यामुळे आपले कन्व्हर्जन लागू व्हायचे असेल, तर त्याची स्कीमा आधी आणि ‘पीजी_कॅटलॉग’ नंतर असे मुद्दाम लिहावे लागते. शिवाय आधीच जोडलेल्या क्लायंटसाठी (डेटाबेस वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) जुनेच कन्व्हर्जन चालू राहते, ते क्लायंट एन्कोडिंग पुन्हा सेट करेपर्यंत. केवळ जागा बदलल्याने मजकुराचे रूपांतर बदलू शकते, ही गोष्ट त्या पानावर ठळकपणे सांगायला हवी होती; ती तिथे नाही, ही माझी मुख्य तक्रार.

मराठी मजकूर सांभाळणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. डेटाबेस यूटीएफ-८ (युनिकोडचे, सर्व लिप्या सामावणारे एन्कोडिंग) आणि क्लायंट लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचे एन्कोडिंग) असेल, तर ‘म’ या एका अक्षरावरही, त्याला लॅटिन-१ मध्ये समतुल्य नाही, अशी एरर येते आणि ती योग्यच आहे. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे जुने एन्कोडिंग पोस्टग्रेसच्या यादीतच नाही आणि कन्व्हर्जन लिहून नवे एन्कोडिंग त्या यादीत घालता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर डेटाबेसच्या लेखी रोमन अक्षरेच असतात. तो डेटाबेसबाहेर, त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरनेच बदलून घ्यावा.

स्वतःची कन्व्हर्जन असणाऱ्यांनी आवृत्ती १४ कडे जाताना विशेष काळजी घ्यावी. तिथे रूपांतर-फंक्शनची रचनाच बदलली असल्याने जुनी कन्व्हर्जन आधी काढून, फंक्शन नव्या रचनेत लिहून, मग पुन्हा तयार करावी लागतात. त्या कामात ही कमांड उपयोगी पडत नाही.