जहाजांचा ताफा उभारणारा आयडल गेम: महिनाभराचा अनुभव

जहाजांचा ताफा उभारण्याच्या एका आयडल गेममध्ये, म्हणजे आपण खेळत नसतानाही कमाई सुरू राहणाऱ्या खेळात, मी महिनाभर रमले असून, ज्यांना दिवसाकाठी जेमतेम दहा मिनिटे मोकळी मिळतात त्यांनी हा प्रकार अवश्य खेळून पाहावा, असे मला मनापासून वाटते. आरंभी हाती एकच मासेमारी नौका असते. तिच्या कमाईतून दुसरी, मग मालवाहू जहाज घेता येते आणि फोन बंद असतानाही ताफा कमावत राहतो.

या खेळांची खरी गोडी गणितात आहे. ज्युलियन थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ मध्ये आणलेल्या कुकी क्लिकर या अशाच खेळात प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे दहा खरेद्यांनंतर ती चौपट आणि वीस खरेद्यांनंतर सोळापटीहून अधिक होते. इथेही किंमती अशाच चढत जात असल्याने, अकरावी नौका घ्यावी की पैसे साठवून पहिले मालवाहू जहाज घ्यावे, याचा हिशेब मला एकदा चक्क वहीत मांडावा लागला. शेवटी थांबले, आणि सकाळी उठून पाहते तो धक्क्याला ते निळे जहाज उभे करण्याइतकी रक्कम जमली होती!

जाहिरातींचा मारा मात्र खटकतो. रात्रभराची कमाई दुप्पट करायची तर दर वेळी अर्ध्या मिनिटाची जाहिरात पाहावी लागते, आणि लहान मुलांच्या हाती फोन देताना पैसे भरून करायची खरेदी पासवर्डने बंद ठेवणे गरजेचे आहे.