हेलसिंकीत एकच सॉना घ्यायचा तर: लोय्लू की कोतिहार्यु?

सॉना म्हणजे घाम काढणारी, तापल्या दगडांची गरम खोली. समुद्रकाठचा लोय्लू २०१६ साली सुरू झाला आणि नवख्याला तोच सोपा जातो. स्त्री-पुरुष एकत्र असल्याने स्विमसूट सक्तीचा, त्यामुळे संकोच उरत नाही. धुराच्या सॉनातून (ह्याच्या भट्टीला धुराडं नसतं) निघायचं आणि शिडीने थेट बाल्टिकच्या पाण्यात उतरायचं. हिवाळ्यात पहिल्या क्षणी श्वासच अडकतो, मग अंगभर मुंग्या येतात. जागा मात्र आधी बुक करा.

तरी मी कोतिहार्युच सांगेन. काल्लिओ वस्तीतला हा सॉना १९२८ पासूनचा. इथे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि अंगावर कपडा नाही. आपल्याकडच्या माणसाला हे जड जातं, खरंय. पण कुणी कुणाकडे बघत नसतं. आधी अंग धुवायचं, बसताना खाली छोटा टॉवेल घ्यायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर धग जास्त, म्हणून सुरुवात खालून करा. कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी टाकतं, चर्र आवाज होतो आणि वाफ कानाच्या पाळ्यांना चटका देत खाली उतरते. ह्या वाफेलाच फिनिश भाषेत ‘लोय्लू’ म्हणतात. मग लोक टॉवेल गुंडाळून बाहेर रस्त्याकडेला गार हवेत निवांत गप्पा मारत बसतात. तुम्हीही बसा.