अ‍ॅव्होकॅडोची रोपं घेताय? पैसे देण्याआधी खोड नखाने खरवडून बघा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक एकरावर अ‍ॅव्होकॅडोची २०० रोपं लावली. रोपाला ११५० रुपये, म्हणजे २ लाख ३० हजार नुसत्या रोपांचे. त्यातली आज १३४ उभी आहेत. बाकीची उपटून बांधावर जाळली. एवढं सगळं लिहायला बसलो त्याला कारण आहे. ज्याने मला ही रोपं विकली तोच माणूस आता शेजारच्या तालुक्यात रोपांचं बुकिंग घेतोय, असं मामेभावाने परवा फोनवर सांगितलं.

मोबाइलवर व्हिडिओ आला होता. हास नावाची जात, परदेशी खुंटावरचं कलम, तिसऱ्या वर्षी फळ. निम्मे पैसे आगाऊ भरले. गाडी आली ती रात्री दहाला, भर पावसात. ड्रायव्हरची घाई चाललेली, आम्ही बॅटरीच्या उजेडात रोपं मोजून घेतली आणि राहिलेले पैसे तिथल्या तिथे पाठवले. पावती मागितली तर "उद्या पाठवतो" म्हणाला. ती पावती आजवर आलेली नाही.

सकाळी पाहिलं तर पाच-पन्नास रोपांच्या खोडावर राखाडी-पांढरे बारीक ठिपके. फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला. उत्तर आलं, "दादा, ती सालीची खूण असते. अ‍ॅव्होकॅडोला असतेच. खोड जाड झालं की जाते." मी विश्वास ठेवला. अ‍ॅव्होकॅडोचं झाड मी त्याआधी पाहिलंच नव्हतं, गावात विचारायला कुणी नव्हतं. डाळिंब असतं तर शेजारच्याला हाक मारली असती. नवीन पिकात नेमकं हेच हेरून ही माणसं गाठतात.

ऑक्टोबरात शेंडे वाळायला लागले. पानं पिवळी पडली, ठिपके खोडावरून पानांच्या शिरांवर गेले. फोन केला तर आता सूर बदललेला. "हवामानामुळे बुरशी आली, औषध पाठवतो." दोन हजार चारशे रुपये लिटरची बाटली. तीन वेळा मिळून सहा बाटल्या घेतल्या आणि त्याने सांगितल्याप्रमाणे ठिबकमधून सोडल्या. दर वेळी ठिपके तसेच दिसायचे आणि तो म्हणायचा, "अजून एक डोस लागेल."

संक्रांतीला आई शेतावर आली. चाळीस वर्षं उसात राबलेली बाई. एका रोपापाशी बसली आणि अंगठ्याचं नख खोडावर घासलं. ठिपका खपलीसारखा सुटला. खाली पिवळाधमक, टाचणीच्या डोक्याहून लहान जीव. तिने तो दाबला, तर नखाला पिवळं पाणी लागलं. "अरे, ही तर खवले कीड. आपल्या उसावर यायची. असलं बेणं कुणी शेतात आणतं का?" मला बोलायला तोंड राहिलं नाही. उसाचं बेणं निवडताना आम्ही कांडी न् कांडी फिरवून बघतो, खवले दिसले की बाजूला टाकतो. आणि ११५० रुपयांचं रोप मी अंधारात मोजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन फांद्या पिशवीत घट्ट बांधून कृषी विज्ञान केंद्रात नेल्या. तिथल्या ताईंनी भिंगाखाली दाखवलं. कवच वेगळं, किडीचं अंग वेगळं. सुईच्या टोकाने कवच उचललं की आतली कीड उघडी पडते. आकारावरून ती लॅटेनिया स्केल नावाची खवले कीड वाटते, पण नेमकी जात काचपट्टीवर मादी तपासूनच ठरते, असं त्या म्हणाल्या. पिल्लं अंड्यातून निघाली की थोडा वेळ चालतात, जागा धरली की पाय गळून जातात आणि मादी मरेपर्यंत तिथून हलत नाही. त्यामुळे लांबून येते ती बहुतेक रोपांवरूनच. पुढे वारा आणि आपले हात-कपडे तिला बागभर नेतात.

माझे पैसे कुठे बुडाले तेही तिथेच कळलं. पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवले कीड झाडाच्या अन्नवाहिनीतला रस पिते, म्हणून चिकटा पडतो, त्यावर काजळी धरते, मुंग्या लागतात. ही कवचवाली कीड सालीतल्या आणि पानातल्या पेशी शोषते. ना चिकटा, ना मुंग्या. त्यामुळे मुळावाटे वर चढणाऱ्या बऱ्याच औषधांचा तिच्यावर नीट परिणाम होत नाही. आणि कीड मेली तरी रिकामं कवच महिनोन्महिने चिकटून राहतं. म्हणजे ठिपके दिसतात म्हणून पुढचा डोस घ्या, हे सांगणं मुळातच खोटं. कवच उचलून खाली ओली पिवळी कीड आहे की वाळलेली तपकिरी, एवढंच बघायचं असतं.

ताईंनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. पानाचं चित्र, मोठ्या अक्षरात "जैविक". नोंदणी क्रमांक नाही, विषारीपणा दाखवणारं शंकरपाळ्याच्या आकाराचं रंगीत चिन्ह नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर हे असावंच लागतं. आत काय होतं ते देव जाणे, आणि मी ते बागेत सोडलं होतं.

उपटताना आणखी एक उघडकीला आलं. जवळपास पंधरा रोपांना कलमाचा सांधाच नव्हता. बीपासून केलेली रोपं हास म्हणून गळ्यात मारलेली.

जी झाडं वाचवण्याजोगी होती त्यांच्या किडक्या फांद्या छाटून जाळल्या. खोडाला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर पिवळी पिल्लं दिसू लागली की खनिज तेलाची फवारणी, तीही पाणी दिलेल्या झाडांवर, ऊन उतरल्यावर. कडक औषधं ताईंनी बंद करायला लावली, कारण त्या औषधांनी किडीला खाणारे काळे ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या आधी मरतात.

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे दिली आहे आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंदवली आहे. पावती नाही, म्हणून पैसे पाठवल्याची नोंद, सगळे मेसेज, बाटल्या आणि खोडाचे फोटो जोडले. आपल्या राज्यात फळरोपवाटिकेला परवाना लागतो, १९६९ पासून तसा कायदा आहे. त्याचा परवाना क्रमांक आधी मागितला असता तर बुकिंगच्या दिवशीच सारं कळलं असतं.

गाडी दिवसाच बोलवा. रोपं उतरवण्याआधी दहा-वीस कुठलीही उचला, खोड फिरवा, पानाची मागची बाजू बघा, सांधा चाचपा, ठिपका दिसला तर नख लावा. कुणी "सालीची खूण आहे" म्हणालं तर त्याच्यासमोर खरवडा. खूण असेल तर सुटणार नाही. माझ्या रोपांचे त्या पहिल्या सकाळचे फोटो जपून ठेवलेत. ज्यांनी त्याच्याकडे बुकिंग केलंय त्यांनी मागा, मी लगेच पाठवतो, तुमची रोपं शेजारी धरून बघा.