वायूंचा माग: मेल्ट इन्क्लूजन, ऑजाइट की ॲपेटाइट?

एमएस्सीच्या प्रबंधासाठी ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरातला बेसाल्ट घेऊन मूळ शिलारसात गंधक, क्लोरीन, पाणी किती होतं हे काढायचं, तर आधी कोणत्या खनिजात मोजायचं ते ठरवावं लागतं. (येऊरचा विचार असेल तर ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे हातोडा चालवू नका.)

सर्वांत थेट पुरावा मेल्ट इन्क्लूजनचा. ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचा स्फटिक वाढताना शिलारसाचा थेंब आत अडकतो; बाहेरचा रस वर येताना वायू सोडत जातो, आतला थेंब दाबाखाली तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी काच आणि तिच्यात जाड काळ्या कडेचा बुडबुडा दिसतो. त्या बुडबुड्याकडे दुर्लक्ष करू नका. थंड होताना थेंब आकसतो आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा बुडबुड्यात जातो, त्यामुळे नुसती काच मोजली की आकडा फार कमी येतो. पाण्यातला हायड्रोजन तर ऑलिव्हिनमधून झिरपून निघून जातो. गंधक आणि क्लोरीन त्यामानाने टिकतात, आणि तेवढ्यासाठी ईपीएमए (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून रासायनिक घटक मोजणारं यंत्र) पुरतो. तो पवईला आयआयटीत आहे.

अडचण आपल्या दगडाची आहे. जाड लाव्हाथर सावकाश निवतो, मग थेंबातल्या काचेचे बारीक स्फटिक होतात आणि ते पुन्हा तापवून वितळवावे लागतात. ऑलिव्हिनही बरेचदा बदलून तांबूस इडिंग्साइट (गंजल्यासारखं दुय्यम मिश्रण) होऊन गेलेलं असतं.

ऑजाइट (पायरॉक्सीन कुळातलं गडद खनिज) मात्र सहसा ताजं सापडतं. त्यात गंधक अत्यल्प शिरतं. ते आयन प्रोबने (आयनांचा झोत टाकून अत्यल्प प्रमाणही मोजणाऱ्या यंत्राने) मोजून विभाजन गुणांकाने, म्हणजे खनिजातलं आणि रसातलं प्रमाण यांच्या गुणोत्तराने, मूळ रसातलं प्रमाण काढायचं. गुणांक दुप्पट चुकला की उत्तरही दुप्पट चुकतं. तरी दख्खनच्या लाव्हांतल्या गंधक-फ्लोरिनचा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब याच कुळातल्या खनिजावर उभा आहे. आपल्या बेसाल्टसाठी माझा कौल ऑजाइटला, मार्गदर्शकांना आयन प्रोबची वेळ मिळत असेल तर.

ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजात फ्लोरिन, क्लोरीन आणि हायड्रॉक्सिल एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून त्यांची गुणोत्तरं छान मिळतात. पण बेसाल्टमध्ये ते उशिरा, बराच वायू गेल्यावर जन्मतं, आणि त्याच्या सुया इतक्या बारीक की प्रोबचा किरण शेजारच्या खनिजावरही पडतो. गोराई-मनोरीच्या ट्रॅकाइटवर (बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकाचा ज्वालामुखी खडक) काम करणार असाल तर त्याचा विचार करा.

नमुना खदाणीतल्या थराच्या तळाकडचा घ्या, तो भाग लवकर निवलेला असतो. वरचा, झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर साचलेली पांढरी खनिजं) भरलेला सच्छिद्र भाग सोडा. आधी दोन-तीन थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठी दगडाचे पातळ काप) करून ऑलिव्हिन ताजं आहे का ते बघा, मग प्रोबची वेळ मागा.