गुलाबी सुई, 100 चा स्टॅम्प आणि माझे 2,45,399 रुपये

धंद्याच्या नावाखाली माझी फसवणूक झाली, त्याचा आधी आकडा सांगते. 2,45,399 रुपये. त्यातले 1,40,000 माझ्या पाटल्या तारण ठेवून काढलेले, 60,000 भिशीचे, बाकीचे खात्यातले. नवरा म्हणतो 2,44,199 म्हण, कारण फसवणाऱ्यांनी एका पेशंटचे 1,200 मला दिले होते. बरं, तसं म्हणते.

मी स्टाफ नर्स. चौदा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा केमोच्या डे-केअरला. केमोने शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या असतात, हात लावला की पळतात. अशा हातावर सुई लावायची वेळ आली की आमच्याकडे मला बोलावतात. हे फुशारकी म्हणून नाही लिहीत, धंदा करायचं डोक्यात का आलं ते कळावं म्हणून लिहितेय. पिक लाइनचं, म्हणजे दंडातून आतल्या मोठ्या शिरेपर्यंत घातलेल्या बारीक नळीचं, पारदर्शक ड्रेसिंग दर सात दिवसांनी बदलावं लागतं. पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवलेली डबी) वापरात नसला तरी साधारण महिन्याने फ्लश करावा, म्हणजे सलाईन सोडून धुवावा लागतो. तेवढ्यासाठी माणसं चाळीस-चाळीस किलोमीटर एसटीने येतात, मास्क लावून, उलटीची पिशवी हातात घेऊन. नाहीतर गल्लीतल्या कंपाउंडरला बोलावतात, तो दोन मिलीच्या सिरिंजने जोर लावून लाइन फ्लश करतो आणि लाइन फाटते. दहा मिलीच्या सिरिंजशिवाय त्या लाइनला हात लावायचा नसतो, हे त्याला कोण सांगणार? मला वाटलं, डॉक्टरांची लेखी ऑर्डर घेऊन हे काम आपणच घरी जाऊन केलं तर? दोन मैत्रिणी तयार होत्या. यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

चूक पुढे झाली. जानेवारी 2025 मध्ये मोबाइलवर जाहिरात आली, 'नर्स उद्योजिका', घरी जाऊन आयव्ही, म्हणजे शिरेतून औषध-सलाईन द्यायची सेवा देणाऱ्या कंपनीची सेंटर पार्टनरशिप. पेशंट ते देणार, हॉस्पिटलांशी करार त्यांचे, शिरा दाखवणारं मशीन त्यांचं. नोंदणी 5,000 अधिक जीएसटी, म्हणजे 5,900. भरले. असल्या योजना कशा चालतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. शेजारच्या काकूंना मसाला पॅकिंगच्या धंद्यात 8,000 ला बुडवलं तेव्हा मीच त्यांना शहाणपण शिकवलं होतं.

6 फेब्रुवारीला वीकली ऑफ होता. पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, वाकडेवाडीला उतरून रिक्षाने बाणेर. काचेचं ऑफिस, थंडगार एसी, कॉफीचं मशीन. ती जागा तासावर भाड्याने मिळते हे मला नंतर कळलं. तिथे एक 'क्लिनिकल हेड' होते. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. आम्ही पाच जणी होतो, सगळ्या नर्स. त्यांनी ट्रेमधून एक कॅन्युला, म्हणजे सलाईन लावायची सुई उचलली, रॅपर फाडलं आणि म्हणाले, "ही 22 नंबर, घरच्या पेशंटसाठी बेस्ट."

ती गुलाबी होती.

ज्या कुणी हे काम केलंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. सुईच्या जाडीचा नंबर रंगावरून ओळखतात. गुलाबी म्हणजे 20. निळी म्हणजे 22. हिरवी 18, पिवळी 24. पहिल्या वर्षाच्या मुलींना हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. मला दिसलं. शेजारच्या सिस्टरनेही पाहिलं, आमची नजरानजर झाली. आणि मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. 'बोलण्याच्या ओघात चुकले असतील,' असं मनाशी म्हटलं. आमच्या वॉर्डात एखादी शिकाऊ मुलगी असं बोलली असती तर मी तिला जागेवर थांबवलं असतं. इथे का नाही थांबवलं?

खरं कारण लाजिरवाणं आहे. आत शिरताना रिसेप्शनवरची मुलगी उभी राहून म्हणाली होती, "या मॅडम, तुम्ही आमच्या फाउंडर पार्टनर." चौदा वर्षं 'ए सिस्टर, सलाईन संपलं' ऐकणाऱ्या बाईला त्या एका वाक्याने किती चढतं, ते तुम्ही दुसऱ्या कुठल्या नर्सला विचारा. ती मुलगी उभी राहिली नसती तर कदाचित मी विचारलंही असतं, "सर, ही 20 आहे ना?" ती गुलाबी सुई अजून डोळ्यांपुढे येते. रात्रपाळीत ट्रे भरताना तर हमखास.

त्याच दिवशी तिथेच बसून 1,77,000 पाठवले. दीड लाख फी आणि 27,000 जीएसटी. बँकेच्या ॲपवर कंपनीऐवजी कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाले, "डायरेक्टर मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची लिमिट आज संपली." लिमिट पाठवणाऱ्याच्या खात्याला असते की घेणाऱ्याच्या? पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव मोठ्याने वाचत जा, शेजारी कुणीतरी ऐकायला बसवून.

करार 100 रुपयांच्या स्टॅम्पवर होता. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासूनच 100 च्या जागी 500 चा लागतो. तो कागद चार महिन्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि मी सही केली. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी असतो, माझ्या पावतीवर चौदाच आहेत. आता मोजले. तेव्हा मी पावतीवरचा हसऱ्या नर्सचा फोटो बघत होते. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की कुणाचा आहे ते फुकटात दिसतं, अर्ध्या मिनिटात.

पुढचं भराभर सांगते. 8 फेब्रुवारीला मशीनचं डिपॉझिट 45,000, 'परत मिळणारं'. 10 तारखेला उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आणि शॉप ॲक्टचे 4,999. (उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते. थोडीच माणसं असतील तर शॉप ॲक्टची नुसती सूचना द्यायची असते, तीही स्वतः देता येते. यासाठी कुणी पैसे मागितले की पुढे बोलूच नका.) 24 तारखेला 'हॉस्पिटल टाय-अप फाइल' म्हणून 12,500. मशीन आलं. शिरा दाखवणारं खरं यंत्र इन्फ्रारेड प्रकाशावर चालतं आणि शिरांचं चित्र कातडीवर उमटवतं. माझ्या खोक्यात लाल एलईडीची बॅटरी निघाली, दोन सेल घातले की पेटणारी. सध्या वीज गेली की मुलगा ती वापरतो.

पहिला पेशंट मात्र खरा होता. एक आजोबा, पाच दिवसांचं अँटिबायोटिक, पहिला डोस हॉस्पिटलमध्ये झालेला, डॉक्टरांची चिठ्ठी व्यवस्थित. 1,200 खात्यात आले. मी पेढे वाटले! दुसरी 'लीड', म्हणजे त्यांनी पाठवलेली केस, एका ब्युटी पार्लरमधून आली, नवरीला गोरं दिसण्यासाठी ग्लुटाथिओनचं सलाईन लावायचं. चिठ्ठी? "ती नंतर मॅनेज करू ताई." मॅडमची एकदम ताई झाले होते. मी साफ नाही म्हटलं. कुणाच्याही हातात डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय काही सोडणार नाही, रिॲक्शन आली तर तिथे तुम्ही असणार की मी? दुसऱ्या दिवशी मेल आला, कलम 11 प्रमाणे लीड नाकारल्यामुळे करार रद्द, डिपॉझिट जप्त. म्हणजे आम्ही नाही म्हणावं म्हणूनच ती केस पाठवली होती. हो म्हटलं असतं तर पुढे पोलिसांची भीती घातली असती, एवढं आता कळतं. 21 मार्चपासून फोन बंद.

24 मार्चला 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी तक्रार घेतली, क्रमांक दिला. पण पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन करू तितकी ते गोठवता येण्याची शक्यता जास्त, माझ्या पैशांना महिना झाला होता. त्यांना बोल नाही लावत.

बोल लावायचा तो पुढच्यांना. बँकेने सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत. सायबरवाले म्हणाले, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन भेटलात, हे सायबरमध्ये बसत नाही, आर्थिक गुन्ह्यांकडे जा. तिथले साहेब रक्कम ऐकून हसले. खरंच हसले. "एवढ्याशा रकमेच्या केसेस आम्ही घेतल्या तर बसायला जागा उरणार नाही." दोन पाटल्या त्या, माझ्या आईच्या! मग आमचं पोलीस ठाणं म्हणालं, घटना पुण्याची, पुण्याला जा. रजा टाकून पुण्याला गेले, तर पैसे तुमच्या गावच्या खात्यातून गेले, तिकडेच द्या. मी म्हटलं, झिरो एफआयआर करा, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, हद्दीचं कारण सांगता येत नाही. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही नर्स की वकील?" शेवटी लिहून मिळालं काय, तर 'दिवाणी स्वरूपाची बाब'. चौदा अक्षरांचा जीएसटी नंबर, भाड्याचा काच-महाल, 20 ला 22 म्हणणारा क्लिनिकल हेड, आणि बाब दिवाणी. रात्रपाळी करून सकाळी दहाला त्या बाकावर बसायचं, अडीचला साहेब जेवायला जाणार, चारला 'उद्या या'. माझ्या सात रजा त्यात गेल्या, त्यातल्या तीन बिनपगारी. ते 2,45,399 मध्ये धरलेलं नाही.

ठाण्यात ऐकलं नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, पोचपावती जपा. मला हे सांगायला कुणी नव्हतं. ग्राहक आयोगात 'धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून घाबरवतील. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः काम करण्यासाठी घेतलेलं त्या 'धंद्या'त धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मी केली आहे.

मध्ये एक फोन आला, 'पैसे वसूल करून देतो, आधी दहा टक्के भरा, 24,540.' दहा टक्के काढायला त्याला पूर्ण आकडा लागला असणार. तो मला, नवऱ्याला, पोलिसांना आणि त्या लोकांनाच माहीत होता. असा फोन तुम्हालाही येईल.

त्या आजोबांच्या सुनेने परवा थेट फोन केला. नवा कोर्स आहे, डॉक्टरांनी लेखी दिलंय. जाते आहे, माझ्या गाडीवर, माझ्याच निळ्या सुया घेऊन. आणि सोमवारी पुन्हा ठाण्यात बोलावलंय. येताना कागदपत्रांच्या तीन प्रती आणा म्हणाले, आधी दिलेल्या दोन त्यांना सापडत नाहीयेत.