पेनिन्सुलावरचे आउटलेट: डॅलसजवळच्या एका इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीलगतचा ओटा काटकोनात वळून खोलीत येतो. तिन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या या भागाला इथे पेनिन्सुला म्हणतात. आमचा पेनिन्सुला सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. पोळ्या लाटण्यापासून मिक्सरवर वाटण करण्यापर्यंत बहुतेक कामे तिथेच होतात. नूतनीकरण करताना आराखडा काढणाऱ्यांनी त्याचे आउटलेट, म्हणजे प्लग लावायची जागा, ओट्याखाली, कपाटाच्या बाहेरच्या फळीवर दाखवले होते. शेजारपाजारच्या घरांतही ते तसेच असल्यामुळे आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आम्ही बोलावलेल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मात्र आराखडा पाहताच ते तिथे बसवण्यास नकार दिला, आणि या परीक्षणाचे मुख्य कारण तो नकार आहे.

त्यांनी सांगितलेले कारण असे. अमेरिकेचा राष्ट्रीय विद्युत कोड, म्हणजे वायरिंगच्या सुरक्षेची नियमावली, दर तीन वर्षांनी सुधारला जातो. ओट्याच्या पृष्ठभागापासून १२ इंच खालपर्यंत आउटलेट बसवण्याची सवलत त्यात काही अटींसह पूर्वी होती, पण २०२३ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. टेक्सासने ही आवृत्ती १ सप्टेंबर २०२३ पासून लागू केली. धोका असा, की खालच्या आउटलेटला जोडलेली वायर ओट्याच्या कडेवरून लोंबकळते, एखादे रांगते मूल ती ओढते आणि उकळत्या पदार्थासकट भांडे त्याच्या अंगावर येते. आमची नात दीड वर्षाची आहे आणि हाताला लागेल ते ओढते. हे ऐकल्यावर खर्चाविषयी घासाघीस करण्याची इच्छाच राहिली नाही.

आता पेनिन्सुलासाठी आउटलेट हवेच असेल, तर ते ओट्यात बसवायचे किंवा ओट्याच्या वर, पण २० इंचांपेक्षा उंच नाही. २०२० च्या आवृत्तीनुसार पहिल्या ९ चौरस फुटांसाठी एक आणि पुढच्या प्रत्येक १८ चौरस फुटांसाठी किंवा त्याच्या अंशासाठी आणखी एक आउटलेट सक्तीचे होते, म्हणजे आमच्या १८ चौरस फुटांच्या पेनिन्सुलाला दोन लागली असती. २०२३ मध्ये ही सक्ती गेली. आउटलेट बसवले नाही तरी चालते, पण पुढे बसवता येईल अशी तरतूद ठेवावी लागते. ही सूट घेऊन पैसे वाचवावेत असे मला वाटत नाही, कारण ओट्यावर सोय नसली की माणसे भिंतीपासून एक्स्टेंशन कॉर्ड ओढतात आणि मूळ धोका तसाच राहतो.

आम्ही ओट्यातून वर येणारे पॉप-अप आउटलेट निवडले. मी स्वस्तात मागवलेले एक त्यांनी परत पाठवायला लावले, कारण ते टेबलासारख्या फर्निचरसाठी प्रमाणित होते. ओट्यासाठी प्रमाणित केलेल्या आउटलेटची, वर पाणी सांडले तरी धोका होऊ नये यासाठी वेगळी चाचणी झालेली असते. शहराच्या निरीक्षकांनीही सर्वप्रथम हाच शिक्का शोधला.

जोडणीचे काम उत्तम झाले आहे. स्वयंपाकघरातील उपकरणांसाठी २० अँपियरची किमान दोन सर्किटे लागतात. त्यांनी पेनिन्सुला एकावर आणि भिंतीलगतची चहाच्या किटलीची जागा दुसऱ्यावर घेतली. १५०० वॅटची किटली १२० व्होल्टवर साडेबारा अँपियर घेते, १००० वॅटचा विजेचा प्रेशर कुकर सव्वाआठ अँपियरच्या जरा वर घेतो, म्हणजे दोन्ही एका सर्किटवर आली तर मर्यादा ओलांडली जाते. सकाळी आमच्याकडे ही दोन्ही एकदम चालतात, हे त्यांनी आपणहून विचारून घेतले होते. जीएफसीआय (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे) आणि एएफसीआय (वायरमध्ये ठिणग्या उडू लागल्यास पुरवठा तोडणारे) ही दोन्ही संरक्षणे त्यांनी पॅनेलमधल्या एकाच ब्रेकरने दिली, त्याचे टेस्ट बटण माझ्याकडून दाबून घेतले आणि ते दर महिन्याला दाबण्यास सांगितले.

आउटलेट आणि मजुरी मिळून ६४० डॉलर लागले. क्वार्ट्झच्या ओट्याला भोक पाडण्याचे पैसे दगडवाल्याने वेगळे घेतले. आमचा ११० व्होल्टचा मिक्सर तिथे व्यवस्थित चालतो, मात्र आउटलेटच्या कडीभोवती कणीक अडकते आणि ती रोज ओल्या फडक्याने काढावी लागते.

गैरसोयी दोन झाल्या. ठरलेल्या दिवशी ते तीन तास उशिरा आले आणि त्यांनी आधी कळवले नाही. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. पॉप-अपचा खालचा भाग ओट्याखाली बराच खोल जातो, त्यामुळे तिथला वरचा ड्रॉवर मागून कापून आखूड करावा लागला. कपाटांची ऑर्डर देण्यापूर्वी त्यांनी हे माप सांगितले असते, तर तिथे ड्रॉवरऐवजी दाराचे कपाट घेता आले असते. त्यांना काम देणाऱ्यांनी हे माप पहिल्याच भेटीत मागून घ्यावे.